पश्चिमेच्या तापत्या टेरेसवर टिकणारी बुटकी फुलझाडं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात वारज्याला चौथ्या मजल्यावर पश्चिमेला दहा बाय बारा फुटांची उघडी टेरेस आहे. दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहून आलात आणि त्या उत्साहात पेटुनिया, डायॅन्थस, गझानिया आणि एक लॅव्हेंडर अशी पंचवीस रोपं आणलीत. आता एप्रिल संपत आलाय आणि लॅव्हेंडर सोडून सगळं वाळलंय, तेही रोज दोनदा पाणी घालून. गुडघ्याच्या वर जाणार नाहीत, ऊन सोसतील, फुलत राहतील आणि दर वर्षी नव्याने आणावी लागणार नाहीत अशी झाडं तुम्हाला हवी आहेत.

पेटुनिया आणि डायॅन्थस गेली त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे ती थंडीची पाहुणी, होळीपर्यंत राहिली तरी पुष्कळ. गझानिया कागदावर बहुवर्षायू आहे, पण पुण्याचा पावसाळा तिला सोसत नाही, त्यामुळे इथे तीही हंगामीच धरायची. लॅव्हेंडर अजून जिवंत आहे म्हणून तुम्हाला आशा वाटतेय, त्याबद्दल शेवटाकडे बोलू.

एक गोष्ट मात्र आजच करा. मेलेल्या गझानियाची कुंडी आडवी करून मातीचा गड्डा सबंध बाहेर काढा. कुंडीची जी बाजू पश्चिमेला होती तिकडची मुळं बघा : तपकिरी, दोऱ्यासारखी, चिमटीत धरून ओढली की साल निघून येते आणि आत नुसती तार उरते. आता भिंतीकडची बाजू बघा. तिकडे पांढरी मुळं अजून सापडतील. मी वीसेक वर्षं लोकांच्या गच्च्या सांभाळतोय. ‘उन्हाने करपलं’ म्हणून मला दाखवलेल्या झाडांपैकी बहुतेकांची पानं नंतर गेलेली असतात, आधी मुळं भाजलेली असतात. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या बाजूने तळहात लावून बघा, दहापर्यंत मोजून होणार नाही. त्या प्लॅस्टिकला आतून टेकूनच मुळं वाढत असतात. खालून तापलेला स्लॅब असतो तो वेगळाच, सूर्य गेल्यावरही दोन-तीन तास उष्णता सोडत राहतो.

त्यात पाण्याची चूक होते. दुपारी चारला झाडाने मान टाकलेली दिसते, आपला जीव कळवळतो आणि आपण झारी घेऊन धावतो. माती ओलीच असते, मुळं अर्धी भाजलेली असल्याने त्यांना ते पाणी उचलता येत नसतं. वर आणखी पाणी पडतं, उरलेली मुळं कोमट चिखलात गुदमरतात. तेव्हा दुपारचं झाड बघून निर्णय घ्यायचा नाही. सकाळी सातला बघायचं. सकाळी ताठ असेल तर दुपारची मान ही त्याची नेहमीची सवय समजा, पुष्कळ झाडं पाणी वाचवायला तसं करतात. सकाळीही लोंबत असेल तर बोट दोन पेरं मातीत घालायचं. कोरडं लागलं तर तळातून वाहेपर्यंत पाणी द्या. ओलं लागलं तर पाणी बंद, कुंडी सावलीत, आणि थांबा. एप्रिल-मेमध्ये पाणी सकाळी लवकर, एकदाच, पण पोटभर द्यायचं. दोन वेळा घोटघोट दिलं की वरची दोन इंचच माती भिजते, मुळं वरच राहतात आणि तिथेच सगळ्यात जास्त तापतं.

आता झाडं निवडण्याबद्दल. पुण्यात बारमाही झाडाला वर्षात दोन परीक्षा असतात. पहिली मार्च ते मे : कोरडी ठाक हवा, चाळिशीला टेकणारा पारा, संध्याकाळचा पश्चिमेचा वारा. दुसरी जुलै-ऑगस्ट : आठवडा-आठवडा सूर्य नाही, माती वाफशावर (ओलसर पण मोकळी) येतच नाही, बुरशीचं राज्य. शिवाजीनगरपेक्षा तुमच्या वारजे-खडकवासल्याच्या बाजूला पाऊस जास्तच. ‘उष्णता सहन करणारी’ म्हणून इंटरनेटवर ज्या याद्या मिळतात त्यातली निम्मी झाडं पहिली परीक्षा पास होतात आणि दुसरीत नापास होतात. त्या याद्या कोरड्या उन्हाळ्याच्या देशांतल्या असतात. आपला उन्हाळा कोरडा आणि त्याला लागूनच ओला महिना, हे त्या झाडांच्या हिशेबात नसतं.

दोन्ही परीक्षा पास होणाऱ्यांत माझा पहिला नंबर तुम्हाला कदाचित फार साधा वाटेल : ड्वार्फ रुएलिया. वीतभर उंच, लांबट गडद पानं, सकाळी जांभळी फुलं येतात आणि संध्याकाळपर्यंत गळून पडतात. फूल एका दिवसाचं, पण दुसऱ्या दिवशी नवी असतातच. उन्हात तगते, पाण्यात पाय बुडाले तरी तक्रार करत नाही. रोपवाटिकेत कोपऱ्यात पडलेली असते, कारण विकताना तिच्यावर फुलं दिसत नाहीत. दुपारनंतर रोपं घ्यायला गेलात तर विकणाराही ती दाखवणार नाही. एक काळजी घ्या, उंच वाढणारी जातही त्याच नावाने देतात. पेरांमधलं अंतर बघा, बोटाच्या पेरापेक्षा जास्त असेल तर ती कमरेएवढी होणार.

दुसरी सदाफुली. ही मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे सिमेंटच्या भेगेतही उगवते. जिना, गटाराची कड, शेजाऱ्यांची गच्ची, सगळीकडे. ऊन तिचं खाणंच आहे. तिची अडचण दुसऱ्या परीक्षेत येते. जुलैत एखाद्या दिवशी दिसतं की झाडाची एकच फांदी, बाकी सगळं टवटवीत असताना, उकळतं पाणी ओतल्यासारखी लोंबतेय. फांदीच्या खोबणीत बघा, करडा-तपकिरी ओलसर डाग असतो. ही फायटोफ्थोरा नावाची बुरशी. शिंतोड्यांबरोबर मातीतून पानांवर चढते आणि चार-पाच दिवसांत अख्खं झाड नेते. डाग दिसला की ती फांदी निरोगी भागापर्यंत खाली कापा, कात्री स्पिरिटने पुसा, कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका. माझं एक जुनं पाप सांगतो. कोथरूडच्या एका सोसायटीत मी चाळीस सदाफुल्या लावल्या, ठिबकला टायमर बसवला आणि पावसाळ्यात तो बंद करायचं विसरलो. वरून पाऊस, खालून ठिबक. ऑगस्टच्या पंधरापर्यंत झेंडा उभा होता, सदाफुली एकही नव्हती.

त्या बुरशीला दाद न देणाऱ्या संकरित जाती आता मिळतात, ‘कोरा’ हे नाव विचारून बघा. बाकी फुलांच्या आकाराला भुलू नका. मोठ्या फुलाच्या देखण्या संकरित सदाफुल्यांपेक्षा गावठी गुलाबी-पांढरी जास्त चिवट असते. दोन-तीन वर्षांनी ती खोडाला लाकडी होऊन वरच फुलते, तेव्हा स्वतःच्याच बियांतून उगवलेली पोरं खाली असतातच, त्यातली दोन ठेवायची. नव्याने विकत आणायला लागत नाही, म्हणून मी तिला बारमाहीच म्हणतो.

तिसरं पेंटास. आफ्रिकेतलं झाड, पण पुण्याला असं मानवलंय की फुलपाखरांनीही हरकत घेतलेली नाही. एकदा बहरलं की गच्चीत फुलपाखरांची रांग लागते. लाल सगळ्यात दणकट, पांढरं त्यातल्या त्यात नाजूक, हा माझा अनुभव. ‘बुटकं’ म्हणून घेतलेलं पेंटास वर्षभरात दीड-दोन फूट होतं, कारण रोपवाटिकांत बऱ्याचदा वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं, आंबेवाले वापरतात त्या जातीचं. त्याचा अंमल उतरला की झाड आपल्या मूळ स्वभावावर येतं. त्यावर उपाय कात्री. फेब्रुवारीच्या मध्याला जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, नवे फुटवे पाच-सहा इंच झाले की शेंडे खुडा. दुसरी, हलकी छाटणी पाऊस गेल्यावर. मेमध्ये मात्र कात्री हातात घ्यायची नाही, पानं गेली की उघडं पडलेलं खोड भाजतं.

काटेरी युफोर्बियाबद्दल लोक नाक मुरडतात. तीही मादागास्करचीच. पाण्याविना आठवडा काढते, मे महिन्यात नवी फुलं देते, अजून काय हवं? थायलंडच्या मोठ्या फुलांच्या जाती दिसायला भारी, पण त्यांना पावसाळ्यात छपराखाली सरकवावं लागतं. लहान फुलांची जुनी जात कुठेही ठेवा. तोडताना पांढरा चीक निघतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका, घरात लहान मूल असेल तर त्याचा हात पोचेल अशा जागी ठेवू नका. अडेनियमचंही हेच : उन्हात सोन्यासारखं, पावसात बुडाचा फुगीर कांदा कुजून जातो. जूनमध्ये आत, ऑक्टोबरमध्ये बाहेर, एवढी हमाली करायची तयारी असेल तरच.

कठड्यावरून खाली सोडायला जांभळी पसरणारी लँटाना चांगली. नावावरून दचकू नका. टेकड्यांवर माजलेली घाणेरी तिचीच बहीण, हे खरं आहे. म्हणून छाटलेल्या फांद्या टेकडीवर किंवा नाल्यात टाकायच्या नाहीत. वेताळ टेकडीवर आधीच पुरेशी आहे.

एक्झोरा मी तुम्हाला अटीवर सांगतो. तुमच्याकडे महापालिकेचं पाणी वर्षभर येत असेल तर लावा. उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरवर असाल तर नको. बोअरच्या जड पाण्याने दोन महिन्यांत कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो, आणि एक्झोराची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, अशी दिसायला लागतात. माती अल्कधर्मी झाली की तिला लोह उचलता येत नाही. मग लोक लोहाचं टॉनिक घालत बसतात आणि पाणी तेच ठेवतात.

अबोलीचा मोह तुम्हाला होणार, मराठी घर आहे. पण पश्चिमेच्या नागड्या उन्हात ती करपते. पेंटासच्या पूर्वेला, त्याच्या सावलीत ठेवलीत तर राहील. बाजारात ‘दिल्ली’ नावाची गडद केशरी अबोली मिळते, तिला बी धरत नाही, काडीनेच वाढवायची. जुनी बी धरणारी असेल तर पावसाच्या पहिल्या थेंबांनी तिच्या वाळलेल्या बोंडांचा टपटप फुटण्याचा आवाज येतो. आमच्या घरी ते ऐकायला मुलं बसायची. या वर्षी शेंगा वाळल्या की एक बोंड ओठांनी ओलं करून तळहातावर ठेवा आणि थांबा.

मोगऱ्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण ऊन जितकं कडक तितका मोगरा खूश. मदनबाण जातीचं झाड बारा इंची कुंडीत बुटकं राहतं. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून पानं काढायची, फेब्रुवारीत खत-पाणी सुरू. ज्यांनी वर्षभर प्रेमाने पाणी घातलं त्यांचा मोगरा नुसता हिरवागार राहतो.

ऑफिस टाइम, म्हणजे पोर्टुलाका, उन्हाळ्यात अप्रतिम. पावसात विरघळते. जूनमध्ये बोटभर चार काड्या तोडून एका छोट्या कुंडीत छपराखाली खोचून ठेवा, ऑक्टोबरमध्ये त्यातून पुन्हा पाट्या भरतील.

कुंड्या आणि मातीकडे येऊ, कारण वरची सगळी यादी काळ्या प्लॅस्टिकमध्ये लावलीत तर पुढच्या एप्रिलला आपण पुन्हा इथेच असू. भाजलेल्या मातीची कुंडी घाम गाळते, तिच्या अंगातून पाणी झिरपून सुकतं आणि आतली मुळं थंड राहतात. जड असते म्हणून नको असेल तर प्लॅस्टिकचीच, पण फिकट रंगाची घ्या, आणि ती मोठ्या जुन्या कुंडीत बसवून मधल्या फटीत भाताचं तूस भरा. आहे त्याच कुंड्यांना बाहेरून चुना मारलात तरी फरक पडतो. प्रत्येक कुंडी दोन विटांवर, स्लॅबला टेकता कामा नये. कुंड्या सुट्या न ठेवता एकमेकींना खेटून ठेवा, म्हणजे फक्त सगळ्यात पश्चिमेच्या रांगेला थेट मार बसेल, आणि त्या रांगेत युफोर्बिया उभी करा. बारा इंची कुंडी ओली असताना पंचवीस किलोच्या आसपास भरते, तेव्हा सगळ्या टेरेसच्या मधोमध न मांडता भिंतीच्या, तुळईच्या कडेने मांडा.

मातीत नुसती लाल माती नको, उन्हाळ्यात तिची वीट होते. नुसतं कोकोपीटही नको : एकदा पूर्ण सुकलं की पाणी कडेने निसटतं, आणि जुलैत ते स्पंजासारखं फुगून बसतं. माझं मिश्रण घमेल्याने सांगतो. चार घमेली लाल माती, तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत, दोन घमेली विटांचे ज्वारी-हरभऱ्याएवढे तुकडे, एक घमेलं भाताचं तूस. विटांची भुकटी चाळून टाकून द्या, ती निचरा बुजवते. वर आच्छादन हवंच. तुमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीत उसाची चिपाडं फुकट मिळतील. दोन पाण्यांतून काढून चार दिवस वाळवा, नाहीतर अख्ख्या वारज्याच्या मुंग्या तुमच्याकडे येतील.

रोपं आणताना एक लपलेला घात असतो. सोलापूर रस्त्यावरच्या, उरुळी कांचनकडच्या रोपवाटिकांत बरीचशी झाडं आंध्रातल्या कडियमहून येतात, आणि पिशवी फाडली की आत चिकण मातीचा टणक गोळा निघतो. तो तसाच कुंडीत बसवला तर भोवतालची भुसभुशीत माती भिजते, गोळा कोरडाच राहतो आणि रोप पाण्यात असूनही तहानेने मरतं. गोळा तासभर बादलीत बुडवा, बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी हळू सोडवा, मग लावा. हे काम पावसाळी हवेतच करायचं, उन्हात मुळांशी खेळलात तर झाड जीव धरणार नाही. आणि रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखालून आलेलं रोप पहिल्या दिवशी थेट पश्चिमेला नको. आठ-दहा दिवस सकाळचंच ऊन द्या.

उन्हाळ्यात पानांवर बारीक पिवळट ठिपके आणि मागे जाळी दिसली तर लाल कोळी ही बारीक कीड समजा. औषधाच्या आधी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा, सलग तीन सकाळी. फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल तर आधी मुंग्यांची वाट तोडा, मग संध्याकाळी साबणाचं पाणी. कडुनिंबाचं तेल दुपारी मारलंत तर पानंच भाजतील. मेमध्ये खत काहीही नको, शेंगदाणा पेंडीचं पाणीसुद्धा नाही.

तुमच्या बहिणीची बाल्कनी दक्षिणेला आहे आणि तिथे सगळं छान चाललंय, असं तुम्ही लिहिलंत. त्याचं कारण तिचा हात नव्हे, सूर्य आहे. मेच्या मध्याला पुण्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तो सावली नाहीशी होण्याचा दिवस पेपरातही छापून येतो. त्या काळात दक्षिणेच्या बाल्कनीला वरच्या मजल्याची बाल्कनीच छत्री होते, आणि डिसेंबरमध्ये तिरकं ऊन आतपर्यंत येतं. तिची यादी तुम्हाला लागू नाही आणि तुमची तिला.

लॅव्हेंडर : जूनपर्यंत जगेल. पुण्यात ते उन्हाने सहसा जात नाही, जुलैच्या दमट हवेने आतून काळं पडतं. आत्ताच फुलं-पानं खुडून वाळवून कपाटात ठेवा, वास तरी राहील.

आणि आत्ता, एप्रिलअखेर, काहीही विकत आणू नका. हे दीड महिने विटा, चुना, माती आणि चिपाडांचे. जूनमध्ये दोन चांगले पाऊस होऊन हवा निवली की रुएलिया, पेंटास, लँटाना लावा. सदाफुली मात्र ऑक्टोबरमध्ये लावा, म्हणजे पहिला पावसाळा तिला कोवळ्या वयात बघावा लागणार नाही. पेंटासला पहिल्या वर्षी फार फुलू देऊ नका, पहिल्या कळ्या खुडा.

अपवाद एकाच झाडाचा : पावसाळी लिली. तिचे छोटे कांदे आत्ता झोपलेले असतात, ओळखीच्या कुणाकडे कुंडी असेल तर पंधरा-वीस मागून आणा आणि पसरट कुंडीत दोन बोटं खोल लावून टाका. पाणी जवळजवळ नाही. एखादा वळीव पडला की चार-सहा दिवसांत पान दिसायच्या आत गुलाबी फुलं वर येतात. कुंडीवर खडूने नाव तेवढं लिहा. आमच्याकडे ती रिकामी समजून आईने त्यात कोथिंबीर पेरली होती. लिली कोथिंबिरीतून वर आली आणि त्या वर्षी दोन्हीला हात लावायचं कुणाच्या जिवावर आलं नाही.